सर्टिफिकेट फाइलीत, संगणक कपाटात

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत जा आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईंना विचारा, "बाई, कॉम्प्युटर येतो का तुम्हाला?" उत्तर लगेच मिळतं, "येतो की! एमएससीआयटी झालंय माझं." मग विचारा, "वर्गात शिकवताना वापरता का?" आता मात्र बाई जरा हसतात आणि म्हणतात, "अहो, ते कुठं जमतंय? ऑफिसचं काम असलं तर सर करतात." ज्यांनी परीक्षा पास केली, फी भरली, रात्रीच्या बॅचला जाऊन तासन् तास बसल्या, त्याच या बाई! मग शिकलेलं गेलं कुठं?

गेली काही वर्षं आम्ही चार-पाच गृहिणी छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या शाळांमध्ये जात असतो. आम्ही कुणी मोठ्या तज्ज्ञ नाही. दोघी निवृत्त शिक्षिका, एकीची मुलगी इंजिनिअर, बाकीच्या माझ्यासारख्या बी.ए. होऊन संसारात रमलेल्या. सुरुवात मुलींच्या आरोग्याच्या कामाने झाली आणि हळूहळू शिक्षिकांशी मैत्री जमली. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा लक्षात आली. शिक्षकांना संगणक शिकवणं वेगळं आणि संगणक घेऊन मुलांना शिकवायला शिकवणं वेगळं. आपण पंचवीस वर्षं पहिलीच गोष्ट करत आलो आणि दुसरी आपोआप होईल, असं समजून बसलो.

थोडं मागे जाऊ या. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेलं एमकेसीएल, २००१ मध्ये स्थापन झालं आणि त्याच वर्षी एमएससीआयटी आलं. तेव्हाच्या औरंगाबादेत गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले. सरकारी कर्मचाऱ्यांना संगणकाची परीक्षा बंधनकारक झाली आणि ३१ डिसेंबर २००७ ही शेवटची तारीख ठरली. त्या तारखेपर्यंत पास झाला नाहीत तर वेतनवाढ नाही, दिली असेल तर वसुली! शिक्षकांच्या या वसुलीचा वाद पुढे कितीतरी वर्षं जिल्हा परिषदांत रेंगाळत राहिला. त्या वेळी पन्नाशीच्या शिक्षिका आपल्या मुलांच्या वयाच्या पोरांशेजारी बसून माऊस धरायला शिकल्या. घरचं सगळं आवरून, धाकट्याला शेजारी ठेवून क्लासला गेल्या. त्यांच्या या जिद्दीला मी मनापासून दाद देते. आणि एमएससीआयटीने माझ्यासारख्या कितीतरी गृहिणींचीही भीती घालवली, हेही खरंच आहे.

पण त्या अभ्यासक्रमात होतं काय? पत्र कसं लिहायचं, तक्ता कसा करायचा, स्लाइड कशी बनवायची, ई-मेल कसा पाठवायचा. कचेरीतल्या माणसाला लागणारं सगळं होतं. पण तिसरीच्या मुलाला हातच्याची वजाबाकी का जमत नाही आणि त्यासाठी या यंत्राचा काही उपयोग होईल का, हे त्यात कुठून असणार? तो अभ्यासक्रम त्यासाठी नव्हताच. दोष त्याचा नाही. एवढ्या एका परीक्षेवर शिक्षक संगणक-साक्षर झाले आणि आता शाळाही आधुनिक होतील, असं मानणाऱ्यांचा तो दोष आहे.

त्यात मराठीची वेगळीच रड होती. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असे नाना फॉन्ट. बाईंनी हौसेने घरी घटक चाचणी टाइप करून आणावी आणि शाळेच्या संगणकावर उघडली की पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं! युनिकोडमुळे हा प्रश्न सुटला. आज मोबाइलवरसुद्धा सहज मराठी लिहिता येतं, नुसतं बोललं तरी अक्षरं उमटतात. पण ज्यांचे हात तेव्हा पोळले, त्यांतल्या कितीतरी जणींना हे कुणी शांतपणे बसून दाखवलेलंच नाही. आजही प्रश्नपत्रिका हाताने लिहून झेरॉक्सच्या दुकानात टायपिंगला देणाऱ्या शिक्षिका मला भेटतात. पदरचे पैसे घालतात बिचाऱ्या.

मग योजना आल्या. २००४ मध्ये केंद्र सरकारची शाळांसाठी आयसीटी योजना सुरू झाली. हायस्कुलांमध्ये संगणक कक्ष झाले, कंत्राटी संगणक शिक्षक आले. करार संपले, तसे ते शिक्षक गेले आणि बऱ्याच ठिकाणी खोलीला कुलूप लागलं. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला आणि 'डिजिटल शाळा', 'तंत्रस्नेही शिक्षक' हे शब्द रूढ झाले. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने जे करून दाखवलं, त्याची राज्यभर चर्चा झाली. गावोगावी लोकवर्गणी निघाली. लोकांनी प्रोजेक्टर दिले, टीव्ही दिले. उद्घाटनं झाली, नारळ फुटले, फोटो छापून आले.

आणि वर्षा-दोन वर्षांनी? आम्ही ज्या शाळांत जातो तिथलं सांगते. कुठे प्रोजेक्टरचा दिवा गेलाय आणि नवा आणायला पैसे नाहीत. कुठे बिल थकलं म्हणून वीज तोडलीय. कुठे संगणक चांगला चालू आहे, पण लोखंडी कपाटात बंद! का, म्हणून विचारलं तर एका बाईंनी खरं काय ते सांगितलं, "ताई, तो डेडस्टॉक रजिस्टरला आहे. पोरांकडून बिघडला तर भरून कोण देणार? आणि खरं सांगू का, मी वर्गात नेला आणि मध्येच अडला तर पोरांसमोर माझी काय इज्जत राहील? पोरांना माझ्यापेक्षा जास्त येतं."

मैत्रिणींनो, या वाक्यापाशी थांबायला हवं. चोवीस वर्षं शिकवणारी ही बाई. पहिलीच्या मुलाचं रडू कसं थांबवायचं, न बोलणाऱ्या पोरीला कसं बोलतं करायचं, हे तिला कुणी शिकवायला नको. वर्ग म्हणजे तिचं राज्य. तिथे ती रोज सकाळी पूर्ण आत्मविश्वासाने उभी राहते. आणि आपण तिच्या हातात असं काहीतरी देतो, की ज्यामुळे ती चाळीस मुलांसमोर अडाणी ठरेल अशी तिलाच धास्ती वाटते. मग ती ते कपाटात ठेवणार नाही तर काय करणार? याला आपण आळस म्हणतो. मला तो आपली पत सांभाळण्याचा प्रयत्न वाटतो.

आता प्रशिक्षण कसं होतं ते पाहा. तालुक्याच्या ठिकाणी मोठा हॉल. साठ-सत्तर शिक्षक, एक प्रोजेक्टर, एक माईक. तज्ज्ञ पुढे बोलतात, पडद्यावर काहीतरी भराभर सरकतं. मागच्या रांगेतल्या बाईंना अक्षरंही दिसत नाहीत. चहा, बिस्किटं, सह्या, ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवशी अहवाल गेला की प्रशिक्षण 'यशस्वीरीत्या संपन्न'. पी हळद अन् हो गोरी! कोरोनानंतर तर बरीच प्रशिक्षणं फोनवरच आली. व्हिडिओ लावून फोन ओट्यावर ठेवायचा आणि पोळ्या लाटायच्या, हे कितीतरी जणींनी मला हसत हसत सांगितलंय. शेवटच्या प्रश्नांची उत्तरं ग्रुपवर आलेली असतातच. टिक करा, सर्टिफिकेट डाउनलोड करा, फाइलीला लावा.

यात बायकांचं म्हणून एक वेगळं दुखणं आहे. पुरुष शिक्षक संध्याकाळी शाळा सुटल्यावर तासभर थांबून एकमेकांकडून शिकतात. बाईंना पाचची गाडी पकडायची असते. शहरातून रोज अप-डाऊन, घरी गेल्यावर स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, मुलांचा अभ्यास. घरात लॅपटॉप असला तरी तो मुलाच्या कॉलेजसाठी असतो. आणि काही अडलंच तर? "दे इकडे, मी करून देतो." नवरा म्हणतो, मुलगा म्हणतो, शाळेत सहकारी सर म्हणतात. एका प्रशिक्षणात तर मी बघितलं, शिकवायला आलेला तरुण बाईंच्या हातातून माऊस काढून घेत होता, "द्या मॅडम, लवकर होईल!" काम झालं लवकर. बाई मात्र होत्या तिथेच राहिल्या. 'मी करून देतो' ही वरवर मदत वाटते, पण तिच्यामुळे बाई वर्षानुवर्षं परावलंबी राहते. स्वतःच्या पगाराची ऑनलाइन माहिती भरायला पदवीधर शिक्षिकेने मुलाची मनधरणी करावी, हे काही बरं नाही.

केवळ यंत्र दिल्याने काय होतं, याचा अनुभव जगाने घेतलाय. प्रत्येक मुलाला स्वस्त लॅपटॉप द्यायची मोठी मोहीम २००० च्या दशकात निघाली होती. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या छोट्याशा शाळेतही २००७ मध्ये तिचा प्रयोग झाला. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने तर लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषा आणि गणित या विषयांत लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांत काही फरक सापडला नाही! संगणकावर भरपूर खर्च करणाऱ्या देशांतल्या मुलांची वाचन-गणितात त्यामुळे विशेष प्रगती झाली नाही, असं श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेनेही २०१५ च्या अहवालात म्हटलं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? शिकवणाऱ्याच्या मनात त्या यंत्राचं काय करायचं हे स्पष्ट नसेल, तर मुलांपर्यंत काय पोहोचणार?

मग उपाय काय? तोही काही नवा नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९८० च्या दशकातच सांगून ठेवलंय. शिक्षकांना नुसतं व्याख्यान दिलं, प्रात्यक्षिक दाखवलं, हॉलमध्ये सराव करून घेतला, तरी वर्गात फार थोडं उतरतं. पण प्रशिक्षणानंतर कुणी सोबती त्यांच्या वर्गात येत राहिला, बघत राहिला, बोलत राहिला, तर शिकलेलं टिकतं. आपण सुनेला पुरणपोळी कशी शिकवतो? भाषण देऊन नाही. शेजारी उभं राहून. पहिली फाटते, दुसरी जाड होते, तिसरी जमते. आणि ती आपण लाटून चालत नाही, तिनेच लाटावी लागते.

महाराष्ट्रात याचं छान उदाहरण आहे, आणि ते संगणकाचंही नाही. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्यासोबत तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवायला सुरुवात केली. त्यातून मुलं इतकी छान शिकू लागली, की राज्यभरातून शिक्षक ते वर्ग बघायला गेले. आपल्यासारख्याच एका शिक्षिकेला, आपल्यासारख्याच वर्गात, आपल्यासारख्याच मुलांना शिकवताना बघितलं की "हिला जमतं तर मला का नाही?" असं वाटतं. तज्ज्ञांच्या भाषणाने तसं वाटत नाही.

आपल्या जिल्ह्यातलं गाडीवाटही आठवा. शहरापासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवरचं गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं जपानी बोलतात म्हणून २०२० मध्ये देशभर बातमी झाली. परदेशी भाषा कोणती शिकायची, हे शाळेने मुलांनाच विचारलं होतं. रोबोट आणि तंत्रज्ञानाची आवड म्हणून बहुतेकांनी जपानी निवडली. शहरातल्या एका जाणकाराने ऑनलाइन विनामूल्य तास घेतले. आणि जी मुलं शिकली त्यांनी 'विषयमित्र' होऊन बाकीच्यांना शिकवलं. इथे आधी मुलांची इच्छा होती, इंटरनेट नंतर आलं. आणि शिकलेल्याने शेजारच्याला शिकवायचं, ही युक्ती मुलांना जमली तर शिक्षकांना का जमू नये?

खरं तर ती जमली होती. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला सुरू केली. त्या काही महिन्यांत, वीस वर्षांत सर्टिफिकेटांनी झालं नाही ते झालं. ज्या बाई माऊसला घाबरत होत्या, त्यांनी स्वयंपाकघरात डब्यांच्या चळतीवर फोन टेकवून कवितेचे व्हिडिओ केले. कुणी शिकवलं त्यांना? दुसऱ्या बाईंनी, फोनवरून. "अगं, ते तीन ठिपके दिसतात ना, ते दाब." उद्या सकाळी मुलांना पाठवायचं आहे ही गरज होती, आपलाच धडा होता आणि विचारायला आपलीच मैत्रीण होती. त्या वेळी ज्यांच्या घरी फोनच नव्हता ती मुलं मागे पडली, ते दुःख आहेच आणि ते विसरून चालणार नाही. पण शिक्षिकांना जमत नाही, हा समज मात्र त्या वर्षाने खोटा ठरवला.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामासाठी, हे सर्वांना माहीत आहे. पण आधी त्यांनी काय केलं? वर्गातल्या मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तक मात्र दुसऱ्या भाषेत. ही अडचण त्यांना दिसली. पुस्तकाचा मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि मग कवितेचा आवाज, धड्याचा व्हिडिओ कोडमधून जोडला. मुलांची अडचण कळलेल्या शिक्षकाच्या हातात यंत्र आलं, म्हणून ते कामाला आलं. आज बालभारतीच्या पुस्तकांत कोड आहेत, २०१७ पासून 'दीक्षा'वर ढीगभर साहित्य आहे. साहित्याची वाण आता नाही.

यावर शिक्षक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. "ताई, आधीच ऑनलाइनने जीव नकोसा केलाय!" आणि ते अगदी बरोबर आहे. २०१५ पासून 'सरल' आलं, खिचडीची रोजची नोंद आली, आधार जुळवणी आली, या ना त्या लिंक आल्या. 'आम्हाला शिकवू द्या' अशी घोषणा देत शिक्षक रस्त्यावर आले ते उगाच नाही. ज्या बाईला संगणक म्हणजे फक्त माहिती भरायचं यंत्र म्हणून भेटला, तिला त्याची गोडी कशी लागणार? म्हणून माहिती भरण्याचं काम शिक्षकांवरून काढून घेणं, निदान केंद्र पातळीवर त्यासाठी वेगळा माणूस देणं, ही वर्गातल्या संगणकाची पहिली अट आहे.

दुसरे काही म्हणतात, "मुलांना आधीच मोबाइलचं वेड, त्यात शाळेतही पडदा कशाला? मातीत खेळू द्या." मलाही मुलं मातीत खेळलेलीच आवडतात. पण मोबाइल घरात आलेलाच आहे, तो काही शाळेला विचारून आला नाही. २०२४ च्या 'असर' अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या ८० टक्क्यांहून अधिक मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलं असं ५७ टक्के सांगतात आणि सोशल मीडिया वापरला असं ७६ टक्के. वापरता येणाऱ्या मुलांपैकी ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन आहे, मुलींपैकी मात्र २७ टक्क्यांकडेच. म्हणजे भाऊ घरी हाताळून हाताळून शिकतो आणि बहिणीला "ठेव तो खाली" ऐकावं लागतं. तिला निवांतपणे, सुरक्षितपणे, कुणी न ओरडता हे यंत्र हाताळायला मिळेल अशी जागा एकच, ती म्हणजे शाळा. आणि तिथे बाईच घाबरत असतील तर ती मुलगी कुणाकडे बघून शिकणार?

आम्ही आमच्यापुरता जो प्रयत्न केला, तो अगदी साधा आहे. महिन्यातून एका शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, जवळजवळच्या शाळांतल्या पाच-सहा शिक्षिका एका शाळेत जमतात. नियम दोनच. शिकवणाऱ्याने हात पाठीमागे बांधायचे, यंत्राला हात लावायचा नाही. आणि सुरुवात "यात काय काय आहे" अशी करायची नाही, तर "सोमवारी वर्गात काय शिकवायचंय?" अशी करायची. एका बाईंना नदी शिकवायची होती. नकाशात त्र्यंबकेश्वरापासून गोदावरी शोधत शोधत त्या नाथसागरापर्यंत आल्या. सोमवारी वर्गात मुलांनी तेच केलं आणि मग आपलं गाव, आपला पाझर तलाव, आपल्या शाळेचं छप्पर शोधलं. "मामाचं गाव किती लांब?" यावरून अंतर आणि प्रमाण दोन्ही शिकवून झालं. दुसऱ्या एकीने मुलांचं वाचन फोनवर रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवलं. अडखळत वाचणारी मुलगी स्वतःहून म्हणाली, "बाई, पुन्हा वाचू का?" त्यात ना महागडं यंत्र होतं, ना इंटरनेट. सगळ्याच जणी टिकल्या असं नाही. काहींची बदली झाली, काहींना घरून वेळ मिळाला नाही. पण ज्या टिकल्या त्या आता आपल्या शेजारच्या शाळेतल्या बाईंना शिकवतात.

हे चार गृहिणींना जमतं, तर सरकारला का जमू नये? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. ते तास हॉलमध्ये आणि ओट्यावर घालवण्याऐवजी शाळेत घालवा. प्रत्येक केंद्रात, तंत्र येणारी आणि मुख्य म्हणजे शिकवायला येणारी एखादी शिक्षिका निवडा. तिला आठवड्यातला एक दिवस मोकळा द्या, तिचा वर्ग त्या दिवशी सांभाळायची सोय करा आणि तिला बाकीच्या शाळांत पाठवा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. प्रशिक्षण कामाच्या वेळेत आणि जवळच्या शाळेत घ्या, म्हणजे बायकांना ते परवडेल. युनिकोडमधलं मराठी टायपिंग सगळ्यांत आधी शिकवा. दुरुस्ती आणि वीजबिलासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम द्या. मुलांच्या हातून संगणक बिघडला तर बाईंच्या पगारातून कापणार नाही, एवढं लेखी द्या. आणि किती सर्टिफिकेट वाटली ते मोजण्यापेक्षा किती वर्गांत संगणक कपाटाबाहेर आला, ते मोजा. आता एआयची प्रशिक्षणं येऊ लागली आहेत. तीही याच हॉलमध्ये, याच पद्धतीने झाली, तर सर्टिफिकेटवरचं नाव तेवढं नवं असेल.

आणि मैत्रिणींनो, हे सगळं सरकारवर ढकलून आपल्याला मोकळं होता येणार नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार अनुदानित आणि सरकारी शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपण त्या समितीवर असतो, सही करून घरी येतो. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा दोन प्रश्न विचारा. आपल्या शाळेतला संगणक कुठे आहे? आणि बाईंना तो वर्गात वापरता यावा म्हणून त्यांना कुणाची सोबत हवी आहे? जाब विचारल्यासारखं नको, आपुलकीने विचारा. घरात एखादी शिक्षिका असेल, सून, जाऊ, नणंद, तर तिच्या हातातून माऊस घेऊ नका. तिला आठवड्यातून एक तास मोकळा द्या, त्या तासाचा स्वयंपाक दुसरं कुणी करेल. शाळेजवळ राहणारी, संगणक चांगला येणारी तुमची लेक सुटीत आली असेल, तर तिला घेऊन एकदा शाळेत जा. जाताना तिला एवढंच सांगा, हात पाठीमागे ठेव.